सरळ सांधा

४ जानेवारी

प्रिय टिपकागद,

सप्रेम न. वि. वि. तुझं पत्र परवा पोचलं. आधी प्रकृती, मग हवा, मग कामाचं, हा क्रम सिस्टरने आपल्याला सातवीत घालून दिला होता आणि तू तो अजून पाळतेस. पण या वेळी प्रकृतीचीच दोन पानं झाली आणि हवेला जागा उरली नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. शिवाय तू चार ठिकाणी 'तुझा भाऊ' लिहिलं आहेस. सगळं ठीक असतं तेव्हा तू 'हे' लिहितेस. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी घाबरलीस की त्याला परत माझ्या पदरात टाकतेस. असू दे. तू माझी मैत्रीण आधी आणि भावजय नंतर, त्यामुळे माझा पदर दोघांनाही पुरेल.

माझ्या धाकट्या भावाने खाली लिहिलेल्या दोन ओळी वाचायला मला भिंग काढावं लागलं. तेच, ग्रंथालयातल्या नोकरीत जुन्या पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे वाचायचं. पहिला शब्द धड आहे आणि मग अक्षरं अशी बारीक होत गेली आहेत, जशा काही मुंग्या बिळात शिरताहेत. लहानपणी हाच मुलगा पाटीवर एवढी मोठी अक्षरं काढायचा की तीन शब्दांत पाटी भरायची आणि चौथा जमिनीवर यायचा.

कंपवाताच्या गोळ्या सुरू होऊन आता दोन महिने झाले. गुण यायला वेळ लागतो, धीर धर. मात्र पुन्हा सांगते, गोळी नुसती देऊ नकोस. आमच्या आईने आम्हाला एकही औषध दुधाशिवाय दिलं नाही, आणि आम्ही दोघं अजून उभे आहोत. पेलाभर दाट दूध, त्यात वाटलेले बदाम आणि मी पाठवलेल्या ताकदीच्या पुडीचा एक मोठा चमचा, तिन्ही वेळा. पुडीचा दुसरा डबा पार्सलने निघाला आहे. त्या डब्यावर लिहिलंय की एका चमच्यात चार अंड्यांची ताकद असते.

त्याला म्हणावं, ताई रागावली आहे. दोन ओळींत ताईची बोळवण करतात का?

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर माझी हरकत नाही.

तुझी,
मॉनिटर

१३ जानेवारी

प्रिय मॉनिटर,

सा. न. वि. वि. प्रकृती बरी नाही. हवा कोरडी आहे. आता कामाचं लिहिते.

या महिन्यात यांचा दोनदा तोल गेला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि वरचं अंग पुढे निघून जातं. खालच्या आमच्या काचभांड्यांच्या कारखान्यात खिडकीच्या फळीवर मी यांचे बिघडलेले काचेचे सांधे ओळीने मांडून ठेवले आहेत. तुला माहीत आहे, काचेच्या दोन नळ्या जोडायच्या तर ज्योतीवर दोन्ही हातांनी त्या एकाच गतीने फिरवाव्या लागतात. उजवा हात मागे राहिला की सांधा वाकडा होतो. मग ती नळी टेबलावर लोळवली की सरळ जात नाही, टकटक करत लंगडते. दिवाळखोरीची पाटी लागावी तशी ती फळी दिसते. सप्टेंबरात तिच्यावर दोन नळ्या होत्या. आता एकोणीस आहेत.

आपल्या जुन्या डॉक्टरांनी आम्हाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. वयाने आपल्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी यांना अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, व्हरांड्यात चालवलं, मागून खांदे ओढून पाहिले. मग खुर्ची जवळ घेऊन समजावलं. म्हणाल्या, एकच कोट घालून फिरणारे तीन आजार असतात. लांबून तिघं सारखेच दिसतात. तिघांतही माणूस ताठरतो, सावकाश होतो, अडखळतो. साध्या कंपवाताला ही गोळी मानवते आणि पुढे अनेक वर्षं काम चालतं. उरलेल्या दोघांना गोळी फारशी लागू पडत नाही, आणि ते झपाट्याने पुढे जातात. अडीच महिन्यांत यांना तसूभर फरक नाही, म्हणून त्यांचा संशय आता त्या दोघांवर आहे.

तुझ्या भावाने हे असं ऐकून घेतलं, जसं कुणा दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल चाललं आहे. घरी आल्यावर कारखान्यातला गॅसचा मुख्य कॉक बंद केला आणि एप्रन खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीत टोप्याकडे गेले. तुला तो आठवत असेल, बारा महिने लोकरी टोपी घालणारा, तीस वर्षांचा यांचा प्रतिस्पर्धी. त्याला सांगून आले की एक मार्चला येऊन बर्नर आणि सगळी हत्यारं घेऊन जा. बदल्यात काही मागितलं नाही. बर्नर थंड पडू देऊ नकोस, एवढंच म्हणाले.

मला आजाराची भीती वाटते, पण त्या थंड बर्नरची जास्त वाटते. कारखाना गेल्यावर या घरात जो माणूस उरेल तो तुझा भाऊ नसेल आणि माझे हेही नसतील.

एक तपासणी बाकी आहे. मेंदूत रक्त कुठे किती फिरतं त्याची चित्रं काढतात म्हणे. पंचवीस तारखेला बोलावलं आहे. दूध मात्र एकदाही चुकवलेलं नाही.

आठवण आहेच, पत्राने ती जागी ठेव.

तुझी,
टिपकागद

१८ जानेवारी

प्रिय टिपकागद,

सप्रेम न. वि. वि. प्रकृती आणि हवा आज दोन्ही बाजूला ठेवते. सिस्टर क्षमा करतील.

तुझं पत्र वाचून मी खिडकीपाशी बसून राहिले. खालच्या बेकरीतून पाव निघाले, संपले, तरी मी तिथेच. मला सारखा तो सात वर्षांचा दिसत होता. शाळेच्या प्रयोगशाळेतली एक फुटकी नळी मी त्याच्यासाठी फ्रॉकच्या खिशात लपवून आणली होती. आयुष्यात केलेली माझी एकमेव चोरी. त्या नळीने त्याने साबणाचे फुगे फुंकले, आणि एक फुगा फुटेपर्यंत त्याच्याकडे असा पाहत राहिला की आई म्हणाली, याला आता दुसरं काही सुचणार नाही. तसंच झालं. म्हणजे त्याच्या हातात काच मी दिली आहे, टिपकागद. टोप्याने ती न्यावी हे मला चालणार नाही.

माझं ऐक. एक मार्चला अजून सहा आठवडे आहेत. तोवर टोप्याने आपली टोपी सांभाळावी. तपासणीत काय काय करतात ते सगळं कळव, डॉक्टरीणबाईंच्या चपलांच्या रंगासकट. आणि ताकद कमी पडत असेल तर पुडीचे दोन चमचे कर. शत्रू मोठा असेल तर शिधाही मोठा हवा.

धीर धर म्हणायला मला तोंड नाही. दोघी मिळून धरू.

तुझी,
मॉनिटर

२८ जानेवारी

प्रिय मॉनिटर,

सा. न. वि. वि. चपला तपकिरी होत्या.

तपासणीची खोली लहान आहे, भिंती फिकट हिरव्या, दिवे मंद. आधी हातात सुई लावून ठेवली आणि पाव तास नुसतं शांत पडायला सांगितलं. बोलायचं नाही, कारण माणूस बोलला, हलला की मेंदूत त्या त्या जागी रक्त धावतं आणि चित्र बदलतं. तो पाव तास सुरू व्हायच्या आत यांनी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं की मी काय विचार करतो तेही दिसेल का. तो म्हणाला, अजून तेवढी प्रगती झालेली नाही, निर्धास्त राहा. मग सुईतून औषध सोडलं. ते रक्ताबरोबर मेंदूत जातं आणि जिथे रक्त जास्त तिथे जास्त साठतं. नंतर अर्धा तास एक मोठा कॅमेरा यांच्या डोक्याभोवती कणाकणाने फिरत होता. मी काचेपलीकडून पाहत होते. हे एवढे स्थिर पडले होते की मला उगीच बरं वाटलं.

काल निकाल मिळाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तीन मेंदूंची चित्रं शेजारी शेजारी लावली. भरपूर रक्ताची जागा लाल-पिवळी, कमी रक्ताची निळी. पहिल्या चित्रात कपाळामागचा भाग निळा होता, दुसऱ्यात मानेवरचा छोटा मेंदू. ते दोन परके रुग्ण, त्या दोन वाईट आजारांचे. तिसरं यांचं. कपाळही पिवळंधमक आणि छोटा मेंदूही.

मी काही विचारायच्या आत हेच पुढे झुकले. कित्येक महिन्यांत मी यांना असं झुकताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, हे तर आमच्यासारखंच आहे, काच कुठे तापली आणि कुठे गार राहिली ते आम्ही रंगावरूनच ओळखतो. माझी काच गार पडलेली नाही ना? डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, नाही पडलेली, आणि हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

पण लगेच गंभीर झाल्या. एकट्या चित्रावर निकाल द्यायचा नसतो. चित्र सांगतंय की हा साधा कंपवात, आणि गोळी सांगतेय की नाही. दोघांपैकी कुणीतरी चुकतंय. चित्र नसतं तर मी गोळीवर विश्वास ठेवला असता, आता मी गोळीची चौकशी करणार, असं म्हणाल्या. मग उलटतपासणीच घेतली. गोळ्या कुठे ठेवता, वेळा चुकतात का, हे गुपचूप थुंकून टाकतात का. त्यावर तुझा भाऊ चांगलाच दुखावला. शेवटी त्यांनी आठवडाभर सगळं वहीत लिहून आणायला सांगितलं. दहा फेब्रुवारीला दाखवायचं आहे.

कालच्या आणि आजच्या पानाची नक्कल सोबत पाठवते. शाळेत माझी प्रत्येक वही बाईंच्या आधी तू तपासायचीस, मग हीच का सोडायची?

उत्तराची वाट पाहणारी,
टिपकागद

२ फेब्रुवारी

प्रिय टिपकागद,

सप्रेम न. वि. वि. तुझ्या चपला-चित्रांच्या पत्राची मी चार पारायणं केली. 'माझी काच गार पडलेली नाही ना' या ओळीपाशी प्रत्येक वेळी चष्मा पुसावा लागला.

आता वही. लाल शाई संपली होती, खाली जाऊन नवी बाटली आणली. दहापैकी सहा गुण. अक्षर सुरेख. वेळा चोख. चालण्याची पावलंसुद्धा मोजली आहेस. पण अर्ध्या उत्तराला अर्धेच गुण, हे विसरलीस? सकाळी सात, गोळी. दुपारी एक, गोळी. संध्याकाळी सात, गोळी. गोळी कशाबरोबर, ते कुठे आहे? दूध कुठे आहे? तुझी भूगोलाची वही अशीच असायची. नदी काढायचीस आणि समुद्र विसरायचीस.

तू म्हणशील, दूध काय लिहायचं, ते तर रोजचंच. पण वही वाचून त्या डॉक्टरीणबाईंना वाटेल की आमच्या घरात आजारी माणसाला औषध कोरडं देतात. आमच्या आईच्या नावाला बट्टा लागेल. नीट मोठ्या अक्षरात लिही: प्रत्येक गोळीबरोबर मोठा पेलाभर दूध, दोन चमचे पूड, बदाम. त्यांनाही कळू दे की आमच्याकडून सेवेत कसूर नाही. हे लिहिल्याशिवाय वही दाखवायची नाही, ही मॉनिटरची आज्ञा.

टोप्या काय म्हणतो?

दुरुस्ती करून पुन्हा दाखव. रागावले तरी तुझीच,

मॉनिटर

१८ फेब्रुवारी

प्रिय मॉनिटर,

सा. न. वि. वि. हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. बातमी एवढी मोठी आहे की नाचावंसं वाटतं, आणि ती तुला कशी सांगावी हे कळत नाही. बसली नसशील तर बस.

दहा तारखेला डॉक्टरीणबाई वही चाळत होत्या. पहिलं पान, दुसरं पान, मान हलवत. मग तुझ्या आज्ञेवरून मोठ्या अक्षरात लिहिलेली ओळ आली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, हे रोज? मी अभिमानाने सांगितलं, तिन्ही वेळा, पहिल्या गोळीपासून. पुडीचा डबा कसा असतो, त्यात काय असतं, तेही सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, काखेत कळसा आणि मी सगळ्या मेंदूला वळसा घालून आले.

झालं असं, की ही गोळी आणि दुधातली, पुडीतली प्रथिनं शरीरात एकाच दरवाजाने शिरतात. आपण दर वेळी दारात एवढी गर्दी लोटत होतो की बिचारी गोळी बाहेरच ताटकळत राहायची. आत गेलीच तर अर्धीमुर्धी. मुळात मात्राही लहान होती. त्यांनी ती थोडी वाढवली आणि सांगितलं की गोळी जेवणाच्या तासभर आधी, फक्त पाण्याबरोबर. दूध प्यायचं तर वेगळ्या वेळी, साधं, कपभर. तुझी ओळ वहीत नसती तर महिनाभरात गोळी बंद करून त्या दोन वाईट आजारांपैकी एकाचा शिक्का बसला असता, असं त्या म्हणाल्या.

आता पुढचं ऐक. चौथ्या दिवशी हे खुर्चीतून उठले. म्हणशील त्यात काय. मी हात पुढे केला आणि हात तसाच राहिला, कारण हे उठून उभे होते आणि मला विचारत होते की काय हवंय. सहाव्या दिवशी सदऱ्याची बटणं स्वतः लावली, सगळी, कॉलरच्या बटणासकट. काल सकाळी मी ओट्यापाशी होते आणि खालून भस्स असा आवाज आला. छत्तीस वर्षांत त्या आवाजाने मी कधी जिना उतरले नव्हते. काल चपला न घालता उतरले. यांनी गॅस सुरू केला होता, एप्रन बांधला होता, आणि ज्योत निळी होईपर्यंत तिच्याकडे पाहत उभे होते. नळी हातात घेतली नाही अजून. आधी बघू दे, म्हणाले.

एक मार्चला टोप्या येणार तो येणारच. दिलेला शब्द परत घ्यायला हे तयार नाहीत. म्हणाले, हात सरळ चालले तर बघू, नाही चालले तर बर्नर त्याचा. मी रोज कॅलेंडराकडे पाहते.

तू स्वतःला बोल लावणार हे मला माहीत आहे. लावू नकोस. दूध ओतत होते ते हात माझे होते.

माया आहे तशीच. उलट या आठवड्यात उतू चालली आहे.

तुझी,
टिपकागद

२२ फेब्रुवारी

प्रिय टिपकागद,

सप्रेम न. वि. वि. आधी रडले. मग हसले. मग बेकरीवाल्याच्या बायकोला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तिला अर्ध्याहून जास्त कळलं नाही, पण तिनेही डोळे पुसले.

म्हणजे माझ्या भावाला तीन महिने मी दुधात बुडवून ठेवलं होतं! वर दोन चमचे. वर आज्ञा. चूक करणारी मॉनिटर आणि पकडून देणारीही मॉनिटरच. शाळेत असं घडलं असतं तर सिस्टरने मला बिल्ला काढून ठेवायला सांगितला असता.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. धाकटा चार वर्षांचा असताना तापाने फणफणला होता आणि कडू औषध पोटात ठरत नव्हतं. तीन दिवस आई त्याच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी तिने औषध दुधात घालून चमच्याने भरवलं, ते ठरलं आणि ताप उतरला. त्या दिवसापासून आमच्या घरात तो कायदा झाला. आईने कधी कारण सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. नुसता कायदा पुढे चालवला. कारण तिची आठवण काढायची ती माझी पद्धत होती. तिला हे कळलं असतं तर तिने पेला उचलून गपचूप मोरीत ओतला असता आणि म्हणाली असती, मग पाणी द्या, मुलगा बरा होण्याशी मतलब.

म्हणून मीही आता अश्रू मोरीत ओतते. एक तारखेला काय झालं ते लगेच कळव. क्रमाबिमाची गरज नाही. प्रकृती, हवा, काम, सगळं त्या एकाच बातमीत आहे.

बिल्ला काढलेली,
तुझीच

२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. टिपकागद म्हणाली की हे पत्र तुम्हीच लिहा, म्हणून लिहितो आहे. चुका लाल शाईने काढ.

काल सकाळी नऊला टोप्या हातगाडी आणि दोरखंड घेऊन आला. मी त्याला म्हटलं, आधी बस, एक सांधा बघ, मग ने. तो स्टुलावर बसला. बायको जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती, एकोणीस वाकड्या नळ्या फळीवर, आणि मी ज्योतीपुढे. गोळी पाण्याबरोबर घेऊन तास झाला होता. दोन नळ्या उचलल्या. ताई, उजवा हात आता पहिल्यासारखा नाही, किंचित आळशी आहे. पण मी त्याला हाक मारली की तो येतो. पूर्वी हाक मारूनही येत नव्हता. काच लाल झाली, पिवळी झाली, मऊ पडली. दोन्ही हात फिरत राहिले. जोडलं, एक हलकी फुंकर मारली, बाहेर काढलं.

नळी गार होऊ दिली. मग टोप्याने ती नळी टेबलावर ठेवून बोटाने ढकलली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. टकटक नाही, काही नाही. त्याने ती उलटी लोळवली. पुन्हा तेच. मग त्याने टोपी काढली. तीस वर्षांत मी त्याचं डोकं प्रथमच पाहिलं, पूर्ण टक्कल आहे. म्हणाला, "तुझा बर्नर तुलाच लखलाभ. मला एवढा सरळ सांधा कधी जमला नाही, आता तुझ्या भांड्यांशी आणखी दहा वर्षं टक्कर घ्यायची म्हणजे वैताग आहे." डोळे त्याचेही ओले होते, पण ते गॅसमुळे, असं त्याचं म्हणणं.

रिकामी गाडी नेणं बरं दिसत नाही म्हणून तुझ्या पुडीचा उरलेला डबा त्याला दिला. त्याचे गुडघे दुखतात. तो कुठलीही गोळी घेत नाही, हे आधी नीट विचारून घेतलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, आणि फुंकणं तर माझा धंदाच आहे.

आजार गेलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की तो सोबत राहणार, पण हा त्या तिघांतला चालताबोलता सोबती आहे, आणि त्याच्याशी जमवून घेता येतं. मला तेवढं पुष्कळ आहे. वाकड्या नळ्यांची फळी काल रिकामी केली. बायको आता पत्रात मला 'हे' लिहील की 'तुझा भाऊ', ते तू मला गुपचूप कळव.

सोबत पार्सल आहे. जपून उघड, काच आहे. पेला मी काल दुपारी फुंकला. त्याच्यावर एक रेघ कोरली आहे, आमच्या मोजपात्रांवर असते तशी. रोज संध्याकाळी पाच वाजता त्या रेघेपर्यंत दूध घ्यायचं, तू स्वतः. गोळीबिळी काही नाही, नुसतं दूध. आईची पद्धत कुणीतरी चालवायला हवी, आणि मला आता मनाई आहे. तू फ्रॉकच्या खिशातून आणलेल्या नळीची ही परतफेड.

पत्र वाचायला भिंग काढलं असशील तर परत ड्रॉवरमध्ये ठेव. अक्षर मुद्दाम मोठं काढलेलं नाही. ते तसंच आलं, आणि कागद संपला म्हणून माझं नाव या ओळीत मावत नाही, ते पाठीमागे लिहि-